खुर्चीचं कलम

माणसाने निवृत्त कसं व्हावं, हे या देशाला मी शिकवलं. हे वाक्य मी स्वतःबद्दल इतक्यांदा बोललो आहे की आता ते गिळणं जिवावर येतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

मी निवृत्तिवेतन खात्यातला अधिकारी. आयुष्यभर लोकांची पेन्शनं मंजूर केली, अडवली, पुन्हा तपासली, आणि शेवटी शेवटी एक योजना लिहिली. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. लोक तिला 'सावकाश निवृत्ती' म्हणतात आणि खात्यात माझ्या माघारी मला 'सावकाशसाहेब' म्हणतात. हे मला माहीत नाही असा त्यांचा समज आहे, आणि मीही तो मोडलेला नाही.

योजना साधी होती. पूर्वी माणूस एका संध्याकाळी कामावरून घरी यायचा तो कायमचाच. दुसऱ्या दिवशी काय करायचं ते त्याला कळायचं नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचं काय करायचं ते घरच्यांना कळायचं नाही. त्यात लोक जगायला लागले जास्त आणि जन्मायला लागले कमी. पेन्शन घेणारे वाढले, त्यासाठी भर टाकणारे घटले. मी म्हटलं, एकदम उडी कशाला मारता, जिन्याने उतरा. शेवटची काही वर्षं अर्धा आठवडा काम, अर्धा आठवडा घर. अर्धा पगार, अर्धं पेन्शन. तुमच्या जागेवर येणारा माणूस तुमच्याच देखत तयार होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण योजनेतला खरा हिरा म्हणजे खुर्चीचं कलम. ते मला सुचलं एका नकाशा-विभागात. तिथले प्रमुख अर्धे निवृत्त झाले होते आणि हाताखालच्या माणसाला तयार करत होते. तयार करत होते म्हणजे काय, तर हे खुर्चीत बसून काम करत होते आणि तो बिचारा शेजारी उभा राहून 'हो सर' म्हणत होता. असं वर्षभर चाललं होतं. मी परत येऊन लिहिलं: पहिल्या दिवसापासून खुर्चीत शिकणारा बसेल. जाणारा बाजूला स्टुलावर बसेल. त्याने कशालाही हात लावायचा नाही, विचारलं तरच बोलायचं. आणि त्याच्या घरच्या दिवशी त्याला कुणीही फोन करायचा नाही.

या कलमावर मी गावोगाव व्याख्यानं दिली. व्याख्यानात मी बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उदाहरण द्यायचो. नाव न घेता. बाबा बसचे कंडक्टर होते आणि जेवढी वर्षं त्यांनी नोकरी केली त्याहून जास्त वर्षं ते पेन्शन घेत आहेत. 'असे एक ज्येष्ठ कंडक्टर माझ्या पाहण्यात आहेत,' असं मी म्हणायचो, आणि तिजोरीच्या काळजीने सभागृह हळहळायचं. मग घरी येऊन मी त्या ज्येष्ठ कंडक्टरांच्या शेजारी बसून जेवायचो.

यथावकाश माझी पाळी आली. स्वतःच्या योजनेत स्वतःच शिरणारा मी खात्यातला पहिला अधिकारी, त्यामुळे समारंभ झाला. पण निरोप अर्धाच द्यायचा होता, आणि अर्धा निरोप कसा देतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या साहेबांनी भाषण अर्ध्यावर थांबवलं. ते मुद्दाम की त्यांना पुढचं आठवेना, ते अजून समजलेलं नाही. सगळ्यांनी मिळून मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी येऊन उघडलं तर आत सेल नव्हता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर हिशेबनीस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, सेल पूर्ण निवृत्तीच्या वेळी."

माझ्या खुर्चीवर आता एक बाई आल्या. पस्तिशीच्या, शांत, केस घट्ट बांधलेल्या. मी पहिल्या सोमवारी मुद्दाम लवकर जाऊन स्टुलावर बसलो. चेहऱ्यावर मी असा भाव आणला होता की काय हवं ते विचारा, संकोच करू नका. बाई आल्या, "नमस्कार सर" म्हणाल्या, खुर्चीत बसल्या आणि कामाला लागल्या.

दुपारपर्यंत त्यांनी मला काहीही विचारलं नाही. दुपारनंतर विचारलं. म्हणाल्या, "सर, खिडकी बंद करू का?"

मी खिडकीवर बरंच बोललो.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी असा स्टुलावर काढायचो. दर आठवड्याला वाटायचं, आता अडतील, आता विचारतील. माझ्याशिवाय ज्या प्रकरणांचं पान हलत नाही असं मी घरीदारी सांगत आलो होतो, ती बाई चहा पिता पिता निकालात काढायच्या. आणि गुरुवार ते शनिवार मी घरी फोन समोर ठेवून बसायचो. कलमाप्रमाणे कुणी फोन करायचा नव्हता, आणि कुणी करतही नव्हतं. एवढी शिस्त त्या खात्यात माझ्या अख्ख्या कारकिर्दीत दिसली नव्हती. एकदा तर फोन बिघडला असावा म्हणून मी घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून पाहिला. वाजला. जरा बरं वाटलं.

रिकामा माणूस आणि आयुष्यभराची अक्कल, दोन्ही घरात एकदम आल्यावर जे व्हायचं तेच झालं. मी बायकोच्या कामात नाक खुपसायला लागलो. फ्रीजमधल्या वस्तू उंचीप्रमाणे लावल्या. धुण्याचं यंत्र दोनदा चालवण्याऐवजी एकदाच चालवलं, तर माझे सगळे सदरे फिकट गुलाबी झाले. बाबांच्या गोळ्यांच्या डब्या अक्षरांच्या क्रमाने मांडल्या, त्यामुळे सकाळची गोळी रात्रीच्या मागे गेली. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय होतं ते मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्याजवळ एक स्टूल होतं आणि त्यावर ती बसली होती. हात मांडीवर.

"काय गं, पाय दुखतायत का?"

"नाही," ती म्हणाली. "मी सावकाश निवृत्त होतेय."

मी हसलो. ती हसली नाही.

"तुमची सगळी व्याख्यानं मी इस्त्री करता करता ऐकलीयत. आरशासमोर म्हणायचात ना तुम्ही. मला पाठ आहेत. अर्धा आठवडा काम, अर्धा आठवडा सुट्टी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळी मी नसणार. ते तीन दिवस बाबांचं सगळं तुम्ही बघायचं. आणि शिकायचं आजपासून."

"अगं पण जाणार कुठे तू?"

"ताईकडे."

मग मला हसू आलं नाही. ताई म्हणजे तिची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईंनीच हिला वाढवलं, वेण्या घातल्या, शिवण शिकवलं, लग्न लावून दिलं. गेल्या वर्षापासून ताईंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग पत्ता, मग जावई. आता त्या आपल्या मुलीकडे राहत होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांचं जे काही भान उरलंय ते सकाळचं. दुपार झाली की त्या थकतात आणि मग समोरचं माणूस कोण ते कळत नाही.

"अजून ती मला ओळखते," बायको म्हणाली. "सकाळी गेलं तर. पण सकाळी मी बाबांच्या आंघोळीत असते. इथलं आटपून तिथे पोचेपर्यंत दुपार होते, आणि ती मला म्हणते, बसा, कुणाकडे आलात? अहो, मला तिच्या थोड्या सकाळी हव्यात. आहेत तेवढ्या."

 मी अधिकारी माणूस, मंजुरी द्यायची सवय. म्हणालो, "अवश्य जा. त्यात काय एवढं? बाबांचं मी बघतो. शेवटी माझे वडील आहेत."

त्या शेवटच्या वाक्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरचे हात जरा नीट केले.

आता बाबांचं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून त्यांची बोलण्याची गाडी अडकली होती. डोक्यात सगळं होतं, पण तोंडात शब्द वेळेवर यायचे नाहीत. दोनच गोष्टी धड बाहेर पडायच्या. एक म्हणजे 'सूनबाई'. आणि दुसरं, नोकरीभर बसमध्ये ओरडून घासून गुळगुळीत झालेलं 'पुढे चला'. डॉक्टर तपासायला आले की ते डॉक्टरांना म्हणायचे, पुढे चला. बाकी वेळ ते टकटक करायचे. चमच्याने पेल्यावर, काठीने पलंगावर, बोटातल्या अंगठीने जे काही धातूचं जवळ असेल त्यावर. म्हाताऱ्या माणसाची खोड, असं मी समजत होतो. फार झालं की दार लोटून घ्यायचो.

शिक्षण सुरू झालं. बायको स्टुलावर, मी बाबांपाशी. ते स्टूल ती घरभर बरोबर घेऊन फिरायची. स्वयंपाकघरात, बाबांच्या खोलीत, न्हाणीघराच्या दाराशी. हात मांडीवर. मी अंडी उकडली, फुटली, बायको गप्प. मी बाबांच्या सदऱ्याची बटणं लावली, खालून एक उरलं, ती गप्प. माझंच कलम, विचारलं तरच बोलायचं. आणि मी काही विचारत नव्हतो. ऑफिसात बाई मला विचारत नव्हत्या, कारण त्यांना येत होतं. घरी मी विचारत नव्हतो, कारण मला येतंय असं मला वाटत होतं.

एवढं मात्र कबूल करतो की त्या आधी मी बाबांना कधी आंघोळ घातली नव्हती. त्यांची पाठ इतकी लहान झालीय हे मला माहीत नव्हतं. मी त्या पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला, जशी काही परवानगी घ्यायची राहून गेली होती.

पहिला गुरुवार आला. बायको ठेवणीतली साडी नेसून निघाली. दारात म्हणाली, "फोन करायचा नाही हं. तुमचंच कलम आहे."

"मी कशाला करतोय!"

ती ताईंच्या घरी पोचली असेल नसेल, मी फोन केला. टॉवेल कुठे आहे ते विचारायला. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. मग गोळी जेवणाआधीची की नंतरची. मग बाबा तोंड उघडत नाहीत. शुक्रवारी आंघोळीच्या पाण्यावरून, शनिवारी चहात साखर किती यावरून. दर वेळी ती हळू आवाजात उत्तर द्यायची आणि फोन ठेवायची. मला तर उलट बरं वाटायचं. कुणीतरी कुणालातरी फोन करत होतं, घरात कामकाज चाललं होतं.

दुसऱ्या गुरुवारी मात्र कहर झाला. मी बाबांना न्हाणीघरात खुर्चीवर बसवलं होतं आणि ते अंगठीने नळावर वाजवत होते. मी पाणी घातलं, ते वाजवतात. पाणी थांबवलं, तरी वाजवतात. साबण लावला, वाजवतात. चेहरा लालभडक. डोळ्यांतून पाणी, ते साबणाचं की कसलं ते कळेना. मी "काय झालं, काय हवंय?" म्हणून ओरडतोय, ते "सूनबाई, सूनबाई" म्हणतायत. मी ओल्या हातानेच फोन लावला.

"अगं, बाबा सारखे टकटक करतायत! काय करू?"

"किती वेळा वाजवतायत?"

"किती म्हणजे? सारखेच!"

"अहो, नीट ऐका. किती वेळा?"

"इथे माणूस कासावीस झालाय आणि तू मोजायला काय सांगतेस!"

 पलीकडून ती म्हणाली, "ठेवा. येते मी."

ती आली तेव्हा मी बाबांना कसंबसं कोरडं करून पलंगावर आणलं होतं. तिने त्यांचं अंग पाहिलं. पाठीवर पाण्याने चटका बसून लाल पट्टा उमटला होता. मी दोन्ही नळ सारखे सोडले होते, पण त्यातला गरम जास्त जोरात येतो, हे त्या घरात फक्त मलाच माहीत नव्हतं. तिने मलम लावलं, त्यांना चहा पाजला, ते झोपले. मग ती स्वयंपाकघरात आली. स्टुलावर बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आज ताईला चांगलं आठवत होतं," ती म्हणाली. "माझी शाळेतली गंमत सांगत होती. मी एकदा तिचे मोठे बूट घालून शाळेत गेले होते आणि एक बूट चिखलात रुतला, ते. हसत होती. मग म्हणाली, थांब, त्याच्या पुढचं तर तुला मी कधी सांगितलंच नाही. तेवढ्यात तुमचा फोन आला."

मी खांद्यावरचा ओला टॉवेल काढून त्याची घडी घालायला लागलो.

"मी बाहेर जाऊन बोलून परत आत गेले. म्हटलं, ताई, पुढे काय झालं? ती माझ्याकडे बघून म्हणाली, कशाचं पुढे? आपण कोण?"

तिने रडायला हवं होतं असं मला वाटलं, म्हणजे मला तिला समजावता आलं असतं. ती रडली नाही. भांडी विसळायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "आता सकाळची नाही जात मी. बाबांचे हाल होतात. दुपारी जाईन, पूर्वीसारखी."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. देशभर फिरून मी लोकांना शिकवलं होतं की जागा सोडताना ती दुसऱ्याच्या हाती नीट द्या. आणि माझ्या घरात देणारी सगळं देऊन बसली होती, घेणाऱ्यालाच घेता येत नव्हतं. आणि त्यापायी एका बहिणीची, आईच्या जागी असलेल्या बहिणीची, एक सकाळ गेली होती. ती कुठल्याही योजनेत परत मिळत नाही. बुटाचं पुढे काय झालं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"तू जा," मी म्हणालो.

"तुम्ही फोन कराल."

"नाही करणार."

"कराल हो. तुम्हाला राहवत नाही."

"कानाला खडा. जा तू. गरम नळाचं मला कळलंय आता."

तिने हातातलं भांडं पुन्हा एकदा विसळलं. त्या शुक्रवारी-शनिवारी ती घरीच राहिली; पुढच्या गुरुवारी सकाळी गेली, पण ठेवणीतली साडी नेसली नाही. पाच मिनिटांत परत यावं लागेल अशा बेताने निघालेली दिसत होती.

मी बाबांना न्हाणीघरात नेलं. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलं, कोमट केलं. हळूच पाठीवर घातलं. बाबांनी अंगठी नळावर वाजवली. टक.

 पाणी तर गरम नव्हतं! मी साबण घेतला. टक. मी फोन ठेवलेल्या फळीकडे पाहिलं. एकच फोन, एकदाच, दोनच वाक्यं, असं मी मनाला समजावलं. हात पुसून फोन उचललासुद्धा. आणि तिचा प्रश्न आठवला. किती वेळा वाजवतायत?

मी फोन हातात धरून उभा राहिलो. ऐकलं. टक. मग काही नाही. मी साबण पुढे केला. टक. मग काही नाही.

एकदाच. दर वेळी एकदाच.

आणि एकदम मला बसच्या मागच्या दारातली ती दोरी दिसली. शाळेला सुट्टी असली की बाबा मला फेरीवर घेऊन जायचे. मागच्या कोपऱ्यातल्या सीटवर बसवायचे. छताखालून एक दोरी थेट ड्रायव्हरपर्यंत गेलेली असायची आणि तिच्या टोकाला घंटी. उतारू उतरायचा असला की बाबा दोरी एकदा ओढायचे, आणि सगळे चढले की दोनदा. एकदा मला त्यांनी ओढू दिली होती. मी आनंदाच्या भरात एकदाच ओढली, आणि निघालेली बस कचकन थांबली. सगळे उतारू माझ्याकडे बघायला लागले. बाबा वाकून माझ्या कानात म्हणाले होते, "एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो माणूस माझ्या घरात घंटी वाजवत होता आणि मी दार लोटून घेत होतो.

मी साबण खाली ठेवला. हात मागे घेतले. थांबलो.

बाबांनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपला थरथरता उजवा हात खांद्यावरून पाठीकडे नेला, जिथे गेल्या आठवड्याचा लाल पट्टा होता, आणि तिथे तळवा झाकून धरला. तेवढ्या जागेला पाणी नको होतं, साबण नको होता. एवढंच. मी मान हलवली. त्यांनी हात काढून परत नळाशी नेला.

टक टक.

मी पुढे चाललो. हात धुतले, 'थांब' आलं, थांबलो. 'चल' आलं, पाय धुतले. मधेच फळीवरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर ऑफिसच्या बाईंचं नाव. घरच्या दिवशी! खुद्द कलम मोडून! इतके महिने ज्या फोनची चातकासारखी वाट पाहिली तो फोन आला होता, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणात होते. मी आशेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मला टक टक दिलं. फोन वाजून वाजून बंद झाला.

बाबांना कोरडं केलं, सदरा घातला, बटणं सगळी जुळली. अंडी फुटली, पण चमच्याने भरवायला फुटकीच बरी पडली. त्यांना पलंगावर बसवून मी घाईघाईने बाईंना फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणालो, "बोला. काय अडलं?"

"अय्या, सर, सॉरी," बाई म्हणाल्या. "पर्समध्ये चुकून दाबला गेला."

"नाही, असेल काही तर विचारा."

"नाही सर, काही नाही. तुम्ही आराम करा."

मी आराम केला नाही. मी फरशी पुसली. त्यात मला इतका जोर आला की दोनदा पुसली.

दुपारी बायको आली. मी तिची वाटच बघत होतो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. साबण, अंगठी, बसची दोरी, बटणं. मी सगळं क्रमवार मनात मांडून ठेवलं होतं, जरासं भाषणच तयार होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि ते बाजूला ठेवलं. स्टूल पुढे केलं. ती बसली. मी चहा ठेवला आणि कलमाप्रमाणे तिने विचारायची वाट पाहत उभा राहिलो.

तिने बाबांच्या खोलीकडे कान दिला. आत शांत होतं.

"झाली आंघोळ?"

"झाली."

"वाजवत होते?"

"एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल," मी म्हणालो. भाषण एवढंच झालं.

 मग हळूहळू तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. चहाचा पहिला घोट घेतल्यावर ती म्हणाली, "आज ताईने ओळखलं नाही मला. सकाळी पोचले तेव्हाही नाही. शेवटपर्यंत नाही."

"अगं..."

"असू दे. मी बसले तिच्याजवळ. तिची वेणी घातली. सगळी सकाळ बसले. घाई नव्हती कसली." तिने कप दोन्ही हातांत धरला. "बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, तू इतकी निवांत बसलीयस, तुला कुणी बोलवत नाही ते? घरी कुणी नाही का गं तुला?"

"मग?"

"म्हटलं, आहेत. पण त्यांना येतं आता."

मी तोंड फिरवून गॅस बंद केला. तो आधीच बंद होता. मागून ती म्हणाली, "ताई म्हणाली, मग येत जा रोज."

तेवढ्यात आतून पेल्यावर चमचा वाजला. टक टक.

ती उठली, मीही निघालो. मग ती परत स्टुलावर बसली.